चेअरमनचा अभिमान, रिडेव्हलपमेंटचा ध्यास आणि कॉलमच्या उभ्या भेगा (ठाणे, चरई)

चरईकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इमारत चरईत आहे. तळ अधिक चार मजले, १९८३ पासून राहती, २० घरं, रस्त्याच्या अंगाला ४ दुकानं. आरसीसी फ्रेम आहे, पण मूळ आरसीसी ड्रॉइंग सोसायटीच्या कपाटात नाहीत.

मागच्या बाजूला जिथून संडास-बाथरूमचे पाइप उतरतात, तिथल्या दोन कॉलमना उभ्या भेगा आहेत. एकाचं प्लास्टर गुडघ्याएवढ्या उंचीवर फुगलंय आणि टकटक केलं की पोकळ वाजतं. गच्ची गळते म्हणून जुना कोबा (गळती रोखायला घातलेला वीटतुकड्यांचा थर) न काढता त्यावरच नवा घातलाय. खालच्या एका दुकानात पोटमाळा बसवताना बीमला खाच मारून लोखंडी आय-सेक्शन टेकवलाय. दोन-तीन घरांत जुन्या लाद्यांवरच नव्या टाइल्स आहेत.

चेअरमन काका वीसेक वर्षं खुर्चीवर आहेत आणि हे आधीच सांगतो, माणूस स्वच्छ आहे. कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं) त्यांनीच करून आणलं, हिशोबात कधी पैशाचा घोळ नाही. पण स्ट्रक्चरल ऑडिटचं, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचं, नाव काढलं की स्वतःवर आळ आल्यासारखे उसळतात. "ही बिल्डिंग माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिलीये, तेव्हाचं सिमेंट होतं, अजून पन्नास वर्षं हिला काही होत नाही." बाहेरून टेक्स्चर पेंट करून घेतल्यापासून तर विषयच बंद.

दुसरा गट रिडेव्हलपमेंटवाल्यांचा. बिल्डरची ३५ टक्के जादा कार्पेटची (घराच्या आतल्या क्षेत्रफळाची) ऑफर होती, यांना ४५ हवेत. रस्ता अरुंद, त्यामुळे एफएसआयचा (प्लॉटवर किती बांधता येईल याचा) पेच. बोलणी लांबत चालली आहेत आणि "पाडायचीच आहे तर दुरुस्तीत पैसे कशाला घालायचे?" हे पालुपद चालू आहे. दोन्ही गटांचं एकमेकांशी पटत नाही, पण कॉलमवर खर्च नको यावर दोघं ठाम.

भेगा किती गंभीर आहेत हे सामान्य सभासदाने कसं ओळखावं? कमिटी हलत नसेल तर ऑडिट करून घ्यायचा मार्ग कोणता? आणि समोर असलेलं ज्यांना दिसतच नाही त्यांच्याशी बोलायचं कसं?

सळईसिमेंट

आधी कॉलम, बाकी सगळं नंतर. स्लॅबचा पोपडा पडला तर खाली उभ्या असलेल्याला लागतो, तेही वाईटच. पण कॉलम गेला तर त्याच्या डोक्यावरचे सगळे मजले येतात आणि तो पळायला वेळ देईलच असं नाही.

सळईच्या रेषेत उभी भेग आणि प्लास्टर पोकळ, ही दोन लक्षणं एकत्र दिसली की आत सळई गंजतेय असंच धरून चाला. चांगल्या काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात असतो, त्यामुळे सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो (यालाच कार्बोनेशन म्हणतात), पीएच नऊच्या खाली उतरतो आणि तो थर तुटतो. त्यात सांडपाण्याच्या पाइपची कायमची ओल. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट होतं, म्हणून तो आतून काँक्रीट फोडत येतो. भेग बाहेर दिसते तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

आता एक आकडेमोड, सभेत फळ्यावर मांडण्यासारखी. जुन्या इमारतीत सर्रास आढळणारा ९ बाय १८ इंची कॉलम घ्या, म्हणजे २३० बाय ४५० मि.मी. क्षेत्रफळ १,०३,५०० चौ.मि.मी. चारही बाजूंचं ४० मि.मी. कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीट) सुटलं तर आत उरतो १५० बाय ३७०, म्हणजे ५५,५००. जवळपास निम्मा कॉलम गेला. मधल्या कॉलमवर प्रत्येक मजल्याचे १४ चौ.मी. येतात आणि भिंतींसकट चौरस मीटरला १.१ टन धरला, तर पाच स्लॅबचे मिळून ७७ टन होतात. पूर्ण कॉलमवर हा दाब चौ.मि.मी.ला साधारण ७ न्यूटन. कव्हर गेल्यावर तोच साडेतेराच्या पुढे. त्या काळात घरांना एम-१५ काँक्रीट चालायचं, म्हणजे प्रयोगशाळेतला ठोकळा १५ न्यूटनच्या आसपास फुटतो. सळयाही भार उचलतात हे खरं, पण इथे गंजतायत त्याच. तुमच्या कॉलमची मापं वेगळी असतील; टेप घेऊन मोजा आणि हेच गणित तुमच्या मापांनी करा.

सळई उघडी पडली असेल तर गंज खरवडून व्हर्निअरने व्यास घ्या. १२ मि.मी.ची सळई साडेनऊवर आली असेल तर ऐकायला अडीच मि.मी. वाटतात, प्रत्यक्षात ३७ टक्के लोखंड गेलेलं असतं.

भेग वाढतेय का हे बघायला काचपट्टी लावा. भेगेच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टर आणि रंग खरवडून काँक्रीट उघडं करा, त्यावर पातळ काचेची पट्टी भेगेला आडवी ठेवा आणि फक्त दोन टोकं इपॉक्सीने चिकटवा. काचेवर तारीख लिहा. प्लास्टरवर चिकटवलेली पट्टी काही सांगत नाही, कारण प्लास्टर स्वतंत्रपणे सुटत असतं. भेगेच्या वरच्या आणि खालच्या टोकाला पेन्सिलीने आडवी रेघ मारून तिथेही तारीख घाला. काच तडकली किंवा भेग रेघ ओलांडून गेली, तर ती जिवंत आहे.

ऑडिटमध्ये काय मागायचं हे आधी ठरवा, नाहीतर नजरेने पाहणी करून चार पानं आणि पन्नास फोटो मिळतात. सगळ्यात जास्त फसवणारी चाचणी म्हणजे रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणारा हातोडा). कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग कडक होतो, त्यामुळे जुन्या काँक्रीटवर हॅमर खऱ्या ताकदीपेक्षा बराच जास्त आकडा दाखवतो, दीडपटीपर्यंत. नुसता हॅमरचा रिपोर्ट हातात घेऊन "बघा, भक्कम आहे" म्हणणारे पुष्कळ असतात. म्हणून त्याच्या जोडीला हे लागतंच:

अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते. वेग सेकंदाला ३ किमीच्या खाली गेला तर ते काँक्रीट भरवशाचं नाही.

हाफ सेल पोटेन्शियल, म्हणजे सळईचा विद्युत दाब मोजून गंजाचा अंदाज. उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खालचं वाचन आलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. उणे २०० पर्यंतच असेल तर धोका कमी.

फिनॉल्फ्थॅलीन. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फवारलं की चांगला भाग गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला तसाच राहतो. बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोचलेला दिसला की चेअरमन काकांनाही समजावून सांगावं लागत नाही. ही चाचणी त्यांच्यासमोरच करून घ्या.

कोअर, म्हणजे ताकद तपासायला यंत्राने कापून काढलेला काँक्रीटचा गोल नमुना. कमीत कमी तीन. सरासरी ताकद अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि कुठलाही एक कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. फुगलेल्या कॉलममधून टेकू दिल्याशिवाय कोअर काढू देऊ नका.

ड्रॉइंग नाहीत म्हणताय, तर महापालिकेच्या शहर विकास विभागात जुन्या मंजूर नकाशांच्या प्रतीसाठी अर्ज करा. आरसीसी तपशील तिथेही नसतील तर रिबार लोकेटरने सळया शोधून घ्याव्या लागतील.

दुकानातली खाच आजच्या आज थांबवण्यासारखी गोष्ट आहे. टेकणाजवळ बीममध्ये कातर बल (बीम आडवा कापू पाहणारा जोर) सर्वांत जास्त असतं आणि पोटमाळ्याच्या टेकूसाठी खाच बहुतेक तिथेच मारलेली असते. खाली छेडछाड केली तर वरच्यांचं काय होतं हे २५ जुलै २०१७ ला घाटकोपरला दिसलं. तळमजल्यावर बदलाचं काम चालू होतं, इमारत कोसळून १७ जण गेले.

सळईसिमेंट

कोबा आणि टाइल्सचं राहिलं.

वीटतुकड्यांचा कोबा घनमीटरला १.९ ते २ टन भरतो. गच्ची ३०० चौ.मी. आणि दुसऱ्या कोब्याची जाडी ४ इंच धरा. ३० घनमीटर, म्हणजे जवळपास ६० टन. मूळ डिझाइनमध्ये गच्चीवर वापराचा भार चौरस मीटरला १५० किलो धरतात आणि इथे नुसता नवा कोबाच २०० किलो होतो. शिवाय पावसात तो पाणी पितो. जुन्या लादीवर ५० मि.मी. मसाला आणि टाइल टाकली की चौरस मीटरला १०० ते ११० किलो वाढतात. राहत्या घराचा डिझाइन भार २०० किलो आहे, त्यातला निम्मा माणसं आणि सामान येण्याआधीच संपला. ५०० चौ.फुटांच्या घरात हे ५ टन झाले.

नेरूळला जून २०२२ मध्ये सहाव्या मजल्यावरच्या घरात फ्लोअरिंगचं काम चालू असताना स्लॅब पडला आणि त्याच रांगेतले खालचे स्लॅब घेऊन तळापर्यंत गेला. पडणाऱ्या स्लॅबचा तडाखा झेलायला खालचा स्लॅब बांधलेलाच नसतो. लादी काढायची असेल तर ब्रेकर मशीन न लावता छिन्नी-हातोड्याने काढा, आणि राबिटचा (फोडलेल्या मलब्याचा) खोलीत ढीग न करता ते रोजच्या रोज खाली उतरवा.

टेक्स्चर पेंटबद्दल एवढंच म्हणतो की त्याने भेगा झाकल्या जातात आणि आतली ओल बाहेर पडायला उशीर होतो. रंगकामाचं बिल म्हणजे दुरुस्तीचा पुरावा नव्हे.

उपविधी_वाचक

कायद्याची बाजू मांडतो. तुमच्या बाबतीत ती चांगलीच मजबूत आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीला, महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासणी करून घेऊन प्रमाणपत्र देणं बंधनकारक आहे. ३० वर्षं भोगवटा प्रमाणपत्रापासून किंवा किमान निम्म्या जागेत प्रत्यक्ष राहायला आल्यापासून मोजतात, जे आधी असेल ते. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही म्हणून सुटका होत नाही. तपासणी केली नाही तर २५,००० रुपये किंवा वर्षाच्या मालमत्ता कराइतकी रक्कम, यांतली जी जास्त असेल ती दंड. याशिवाय सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायला सांगितलंय. १९८३ ची इमारत म्हणजे ऑडिट करायचं की नाही हा सभेचा विषयच नाही. सभेने फक्त इंजिनियर आणि खर्च ठरवायचा.

आता पायऱ्या. सेक्रेटरीला लेखी पत्र द्या, पोच घ्या. पत्रात "इमारत धोकादायक आहे" असं स्वतःचं मत लिहू नका. "मागील बाजूच्या अमुक कॉलमला इतक्या उंचीवर इतक्या लांबीची उभी भेग, फोटो व तारीख सोबत" एवढंच लिहा. मतावर वाद घालता येतो, मापावर येत नाही. कमिटी गप्प बसली तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सर्वसाधारण सभेची मागणी करा. २० घरं आणि ४ दुकानं सभासद धरली तर ५ सह्या पुरतात. सहकार कायद्याच्या कलम ७६ प्रमाणे अशी मागणी आल्यावर महिनाभरात सभा घ्यावीच लागते. विषय एकच ठेवा: नोंदणीकृत इंजिनियरची नेमणूक आणि चाचण्यांची यादी. रिडेव्हलपमेंट त्या अजेंड्यावर चुकूनही येऊ देऊ नका. आला की सगळी संध्याकाळ ३५ की ४५ मध्ये जाते.

तेही जमलं नाही तर उपनिबंधकांकडे तक्रार करा आणि तुमच्या प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांना पत्र द्या. महापालिका स्वतः पाहणी करून कलम २६४ ची (धोकादायक बांधकामाची) नोटीस काढू शकते.

रिपोर्टनंतर इमारत चारपैकी एका वर्गात बसते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. इथे दोन्ही गटांचा हट्ट नडतो. एक गट इंजिनियरला आडून सुचवतो की सी-१ नको, दुसरा सुचवतो की सी-१ च हवं. म्हणून इंजिनियर दोन्ही गटांच्या ओळखीतला नसावा, आणि चाचणी करणारी प्रयोगशाळा व दुरुस्तीचा ठेकेदार यांचा एकमेकांशी संबंध नसावा. दोन रिपोर्ट परस्परविरोधी आले तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं.

निधीचं बघा. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची राखीव पुंजी) जमायला हवा. पण तो मूळ खर्चावर निघतो. १९८३ मध्ये घराचा बांधकाम खर्च १ लाख धरला तर सिंकिंग फंडाचे वर्षाला २५० रुपये होतात. "आमचा मेंटेनन्स परिसरात सगळ्यात कमी" याचा अभिमान बाळगणाऱ्या सोसायट्यांत हा आकडा कधी वाढवलेलाच नसतो आणि ऐनवेळी तिजोरी रिकामी निघते. त्यामुळे ऑडिटच्या सभेतच वेगळी वर्गणी मंजूर करून घ्या.

वाशीचा_पूल

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण भेगा मोजायला माणसं मिळतात, अडतं ते याच ठिकाणी.

सोलमधलं साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर २९ जून १९९५ ला कोसळलं, ५०२ माणसं गेली. इमारत आधी वेगळ्या वापरासाठी आखली होती. मालकाला दुकान हवं होतं म्हणून नकाशा बदलला, ८० सेंमीचे कॉलम ६० सेंमीचे केले, वर पाचवा मजला चढवला आणि त्यावर उपाहारगृहं काढली. १९९३ मध्ये गच्चीवरची एसीची अवजड यंत्रं क्रेनने न उचलता रुळांवरून ओढत दुसरीकडे नेली, तेव्हा कॉलमभोवती स्लॅबला भेगा गेल्या. एप्रिल १९९५ मध्ये पाचव्या मजल्याच्या छताला भेगा दिसू लागल्या. उपाय काय केला, तर वरच्या मजल्यावरचा माल तळघरात हलवला. शेवटच्या दिवशी सकाळी भेगा रुंदावल्या, पाचवा मजला बंद केला, एसी बंद केले, संचालकांची बैठक झाली. गर्दी चांगली होती, दिवसाचा गल्ला बुडवायचा नव्हता, म्हणून खालचे मजले चालू ठेवले. संध्याकाळी सहाच्या सुमाराला सगळं खाली आलं. स्टोअरच्या अध्यक्षांची स्वतःची सून त्या वेळी इमारतीत होती. माहिती त्यांच्यापासून कोणी लपवली नव्हती. "आपण उभारलेली इमारत पडू शकते" हे वाक्य त्यांना स्वतःच्या तोंडाने उच्चारायचं होतं, आणि ते होईना.

फ्लोरिडातलं सर्फसाइड तुमच्या सोसायटीच्या जास्त जवळचं आहे. १२ मजली, १९८१ ची, समुद्रकाठची इमारत. २०१८ मध्येच इंजिनियरने लिहून दिलं होतं की पूल डेकखालचं (पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबखालचं) वॉटरप्रूफिंग निकामी झालंय आणि स्लॅब खराब होतोय. त्यानंतर नगर प्रशासनाच्या अधिकाऱ्याने रहिवाशांना इमारत उत्तम स्थितीत असल्याचं सांगितलं आणि लोकांनी हवं तेच उचललं. खर्चावरून भांडणं झाली, २०१९ मध्ये सात जणांच्या कमिटीतले पाच जण राजीनामा देऊन गेले. २०२१ मध्ये दीड कोटी डॉलरची दुरुस्ती मंजूर झाली, पहिले हप्ते १ जुलैला भरायचे होते. इमारत २४ जूनच्या मध्यरात्रीनंतर पडली, ९८ जण गेले. पुढच्या तपासात पूल डेकच्या मूळ डिझाइनमधली कमतरता आणि नंतर टाकलेल्या फरश्या-कुंड्यांचं वजन या दोन्ही गोष्टी पुढे आल्या. तुमच्या गच्चीवरचा दुसरा कोबा याच जातीचा आहे.

चेअरमन काकांकडे जाताना त्यांचा अभिमान मोडायला जाऊ नका. मोडत नाही, आणि माणूस आणखी कडक होतो. सभेत, चारचौघांत तर मुळीच नको. एकटे जा, कॉलमपाशी उभं राहून दाखवा आणि त्यांनाच अर्जदार करा: "काका, इमारत भक्कम आहे असं तुमचं म्हणणं आहे, तर ते तुमच्या सहीने कागदावर येऊ द्या. कन्व्हेयन्स तुम्ही आणलंत, हेही तुमच्याच हातून होऊ द्या." त्यांनी होकार दिला तर त्याच आठवड्यात इंजिनियरला बोलवा. नकार दिला तर उपविधी_वाचक यांनी सांगितलेली पत्रं चालू ठेवा. दोन्ही वाटा एकाच वेळी चालायला हव्यात, कारण कॉलम काकांच्या होकारासाठी थांबणार नाही.

रिडेव्हलपमेंटवाल्यांशी वेगळं बोलावं लागेल. त्यांना सुरक्षिततेबद्दल सांगून उपयोग होत नाही, ते हिशोबात बोलतात. मग हिशोब सांगा. करार सही होण्याआधी सी-१ ची नोटीस आली तर घर रिकामं करावं लागतं आणि भाडं द्यायला बिल्डर बांधील नसतो. २० कुटुंबं भर पावसात भाड्याची घरं शोधत असतील त्या वेळी ४५ टक्क्यांची गोष्ट कोण ऐकणार? कॉलम सांभाळलेले असतील तरच सोसायटीला वाट बघणं परवडतं.

कोपरीकर

एक दुसरी बाजू. लोकांची भीती निव्वळ हट्ट नसते. एकदा घर सोडलं की परत मिळेल का, किती मिळेल, ही धास्ती खरी आहे. रिकामी करून वर्षानुवर्षं भाड्याच्या घरात अडकलेली कुटुंबं ठाण्यात डोळ्यांसमोर आहेत. ऑडिट म्हणजे घर गमावण्याची पहिली पायरी असं लोकांना वाटतं, म्हणून ते भेगेकडे बघत नाहीत. याला उत्तर काय?

उपविधी_वाचक

भीती रास्त आहे आणि तिला कागदाने उत्तर देता येतं. इमारत रिकामी केली किंवा पाडली म्हणून मालकाचा वा भोगवटादाराचा हक्क संपत नाही. मात्र रिकामी करण्याआधी प्रत्येक घराचं, दुकानाचं मोजमाप महापालिकेकडून करून घ्या आणि भोगवट्याच्या क्षेत्रफळाचा दाखला हातात ठेवा. सोबत सोसायटीने स्वतःची यादी करावी: खोलीनिहाय आतली मापं, मालक व भाडेकरूचं नाव, शेअर सर्टिफिकेट क्रमांक, नोंदणीकृत कराराची प्रत, कर पावती, वीजबिल. सगळ्यांच्या सह्यांनिशी. हे काम नोटीस यायच्या आधी दोन रविवारांत होतं, नोटिशीनंतर धावपळीत होत नाही.

आणि ऑडिट म्हणजे सी-१ असं समीकरण नाही. दोनच कॉलम आणि एक बीम खराब असेल तर सी-२ वर्गात दुरुस्ती होऊन इमारत उभी राहू शकते. उलट, जितका उशीर तितकं सी-१ जवळ.

चरईकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांकडे फिनॉल्फ्थॅलीन घेऊनच जावं असं ठरतंय. आणखी एक: सभा, इंजिनियर, रिपोर्ट यात पावसाळा निघून जाईल. तोवर त्या दोन कॉलमपाशी टेकू लावून ठेवायचे का? दुकानदार म्हणतो तो लाकडी वासे देतो. आणि घर सोडायची वेळ आलीये हे कुणी ठरवायचं?

सळईसिमेंट

टेकू लावायचेच, पण वासे नकोत आणि इंजिनियरच्या लेखी सूचनेशिवाय नकोत. चुकीचा टेकू भार भलतीकडे नेतो. तत्त्व असं की कॉलमला टेकू लागत नाही, त्या कॉलमवर येणाऱ्या बीमना लागतो, म्हणजे बीमचा भार कॉलमला वळसा घालून खाली जातो. बीमच्या टोकाजवळ, कॉलमच्या दोन्ही बाजूंना, स्क्रू-जॅकचे लोखंडी प्रॉप किंवा डिझाइन करून घेतलेले स्टीलचे खांब, वर-खाली स्टील प्लेट, तळाशी भार पसरवणारं रुंद बेड. फक्त तळमजल्यावर लावून भागत नाही. वरच्या मजल्यांतही त्याच रेषेत हवेत, आणि सगळ्यांचा भार शेवटी थेट जमिनीवर उतरला पाहिजे. मधल्या स्लॅबवर संपलेला प्रॉप तो स्लॅब फोडतो. खाली जुनी टाकी किंवा चेंबर नाही ना हे बघा. प्रॉप हाताने घट्ट बसेपर्यंतच आवळा. जॅकने बीम वर उचलायचा प्रयत्न झाला तर नव्या भेगा जातात. लावल्यावर दर आठवड्याला ढिले पडलेत का तपासा. फुगलेलं प्लास्टर टेकू बसेपर्यंत कुणालाही फोडू देऊ नका, तिथे नवं प्लास्टर तर त्याहून नको. पाइपची गळती मात्र आजच बंद करून घ्या, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

पुढे प्रत्यक्ष दुरुस्तीत सैल काँक्रीट सळईच्या मागे दीड-दोन सेंमीपर्यंत काढून, गंज साफ करून, गेलेल्या सळईला जोड देऊन, कमीत कमी १०० मि.मी.चं मायक्रोकाँक्रीटचं जॅकेट घालतात. चारही बाजू एकाच वेळी फोडणाऱ्या ठेकेदाराला तिथल्या तिथे थांबवा.

घर सोडायचा निर्णय त्या दिवशी कुणीही घेऊ नये, तो आत्ताच घेऊन इतिवृत्तात लिहावा. खालीलपैकी काहीही एक झालं तर कमिटीची, चेअरमनची, इंजिनियरची वाट न बघता सगळ्यांनी खाली उतरायचं: काचपट्टी तडकली आणि भेग एका दिवसात रुंदावली, कॉलममधून चुरा किंवा खपल्या आपोआप पडू लागल्या, कॉलमची सळई बाहेर वाकलेली दिसली, एकाच उभ्या रांगेतल्या घरांची दारं-खिडक्या अचानक अडकू लागल्या, भिंतीतून किंवा स्लॅबमधून कडकड आवाज आला, प्रॉप वाकला किंवा त्याखालची फरशी खचली. दुकानदारांनाही ही यादी द्या, सगळ्यात आधी त्यांनाच दिसेल. खाली उतरल्यावर इमारतीच्या उंचीइतकं तरी लांब, समोरच्या गल्लीत थांबा, ११२ आणि महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवा, वीज आणि गॅस बंद करायला कुणी पुन्हा वर जाऊ नका. तळमजल्यावरच्या मुख्य स्विचची जागा आणि गॅसच्या बाहेरच्या व्हॉल्व्हची जागा त्याच यादीच्या खाली लिहा, आणि एक प्रत जिन्याजवळच्या नोटीस बोर्डावर काचेच्या आत लावा. ज्या घरात वयस्कर किंवा आजारी माणूस आहे त्यांचा मजला आणि त्यांना उतरवणाऱ्या दोघांची नावंही त्याच कागदावर हवीत.